सर्व्हिस म्हणजे सेवा, नोकरी की वेठ?



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या चौथ्या अध्यायातला चौतिसावा श्लोक घेतला आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो पाठ असेल. ज्ञान हवं असेल तर जाणत्या माणसाकडे कसं जावं, हे भगवंत तिथे अर्जुनाला सांगतात. तीन गोष्टी सांगतात. नम्रपणे वाकणं, खोदून खोदून प्रश्न विचारणं आणि सेवा. पहिल्या दोन गोष्टींवर आपण आधी बोललो आहोत. या आठवड्यात मी तिसऱ्या शब्दापाशी अडकलो.

अडकण्याचं कारण एका वाचक ताईंचा मेसेज. त्या नर्स आहेत, एका खाजगी हॉस्पिटलमध्ये. त्यांनी लिहिलं, "दादा, डबल ड्युटी लावायची असली की आमचे मॅनेजर म्हणतात, सिस्टर, तुमचं काम म्हणजे नोकरी नाही, सेवा आहे. ओव्हरटाइम मागितला की म्हणतात, सेवेचे पैसे मागता? घरी येऊन गीता उघडते तर तिथेही सेवाच. मॅनेजर सेवा शिकवतात आणि भगवंतही सेवाच शिकवतात. मग दोघांत फरक काय?"

हा प्रश्न वाचून मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण "भाव महत्त्वाचा" असं एक वाक्य टाइप करून पाठवणं सोपं होतं, पण त्याने त्या ताईंचा प्रश्न सुटला नसता. भाव महत्त्वाचा हे तर त्यांचे मॅनेजरही म्हणतील! म्हणून आधी शब्दच नीट उलगडून बघू या म्हटलं. इंजिनिअरची सवय आहे, बग सापडत नसेल तर व्हेरिएबलमध्ये नक्की कोणती व्हॅल्यू आहे ते आधी तपासायचं.

आपण रोज वापरतो तो इंग्रजी शब्द आहे 'सर्व्हिस'. आमच्या रोह्यात कुणी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर उत्तर येतं, "सर्व्हिसला आहे पुण्याला." इथे अर्थ नोकरी. "गाडी सर्व्हिसिंगला टाकली", इथे अर्थ देखभाल. "हॉटेल चांगलं आहे पण सर्व्हिस स्लो आहे", इथे अर्थ वाढप. "एसटीची सर्व्हिस बंद झाली", म्हणजे फेरी बंद झाली. "त्यांनी आयुष्यभर समाजाची सर्व्हिस केली", इथे मात्र अर्थ सेवा. आणि माझ्या ऑफिसमध्ये सर्व्हिस म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, जो रात्रंदिवस जागा राहून कुणाच्या तरी रिक्वेस्टची वाट बघत असतो.

इतक्या सगळ्या अर्थांच्या मागे मूळ कोणतं? लॅटिन भाषेतला 'सेर्वुस' हा शब्द. त्याचा अर्थ गुलाम. त्याच कुळातून सर्व्हंट आला आणि मी दिवसभर ज्याची काळजी घेतो तो सर्व्हरही आला. म्हणजे या इंग्रजी शब्दाच्या तळाशी साखळदंड आहे. हे वाचून "बघा, आपला सेवा शब्द किती पवित्र आणि त्यांचा किती वाईट" असं म्हणायचा मोह होतो. पण थांबा. आपलं घरही जरा उघडून बघू.

आपल्याकडे समानार्थी शब्दांचा सगळ्यात प्रसिद्ध कोश म्हणजे अमरसिंहाचा अमरकोश. पूर्वी मुलं तो पाठ करायची. या कोशात सेवेच्या अर्थाचे शब्द दोन वेगवेगळ्या ठिकाणी येतात. एका ठिकाणी, ब्रह्मवर्गात, चार शब्द एकत्र आहेत: वरिवस्या, शुश्रूषा, परिचर्या आणि उपासना. दुसऱ्या ठिकाणी, वैश्यवर्गात, जिथे पोट भरण्याच्या मार्गांची यादी आहे, तिथे 'सेवा' हा शब्द येतो आणि त्याच्या शेजारी समानार्थी म्हणून येतो 'श्ववृत्ती'. श्वा म्हणजे कुत्रा. धन्याच्या तोंडाकडे बघत, तो टाकेल त्या तुकड्यावर जगणं म्हणजे श्ववृत्ती.

बघा, एकाच कोशात, एकाच अर्थाच्या कामाच्या एका फळीवर 'उपासना' आहे आणि दुसऱ्या फळीवर कुत्र्याचं जिणं. अमरसिंहाला काही गोंधळ झालेला नव्हता. त्याने भाषेत जे दिसलं ते नोंदवलं. काम बाहेरून सारखंच दिसतं, पाय चेपणं, पाणी भरणं, निरोप पोचवणं. पण त्याची दोन टोकं आहेत आणि ती एकमेकांपासून फार लांब आहेत. ताईंच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. मॅनेजर पहिल्या फळीवरचा शब्द उचलतात आणि दुसऱ्या फळीवरचं काम करून घेतात.

आता पहिल्या फळीवरच्या शब्दांचा अर्थ बघू, कारण तो फार सुंदर आहे. उपासना म्हणजे जवळ बसणं. परिचर्या म्हणजे भोवती वावरणं, हवं नको बघत फिरणं. आणि शुश्रूषा? आपण मराठीत तो शब्द आजाऱ्याच्या बाबतीत वापरतो. पण संस्कृतात त्याचा मूळ अर्थ आहे 'ऐकण्याची इच्छा'. श्रु म्हणजे ऐकणं, त्यावरून हा शब्द झाला. म्हणजे ज्याची सेवा करायची त्याचं आधी ऐकून घ्यायचं, ही सेवेची पहिली पायरी शब्दातच आहे. आणि 'सेवन' हा शब्दही सेवेच्याच धातूचा. औषधाचं सेवन करतो तेव्हा ते आत घेतो, आपलं करतो. सेवा म्हणजे एखाद्याच्या इतकं जवळ राहणं की तो आपल्यात उतरावा.

फारसीमार्गे आलेले शब्दही सोडू नका. 'नोकर' हा शब्द मुळात मंगोल आहे. चंगेजखानाच्या काळात 'नोकोर' म्हणजे सरदाराचा साथीदार, त्याच्या बरोबरीने घोड्यावर बसणारा सोबती. फारसीतून आपल्यापर्यंत येईपर्यंत सोबत्याचा नोकर झाला. शब्द घसरत घसरत खाली आला. आज उलटा प्रकार दिसतो. घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलाला अॅपवाले 'पार्टनर' म्हणतात. शब्द वर चढला, पण भर पावसात बाइक चालवणाऱ्याचं नशीब तिथेच राहिलं.

आणि आपल्या कोकणाचा खास शब्द, चाकरमानी! गिरणीत, गोदीत, ऑफिसात चाकरी करायला मुंबईला गेलेला आणि गणपतीला, शिमग्याला गावी येणारा माणूस. पेणहून, रोह्याहून, पार सावंतवाडीपर्यंत हा शब्द प्रेमाने वापरला जातो. २०२५ च्या गणपतीआधी या शब्दात कमीपणा आहे, त्याऐवजी 'कोकणवासीय' म्हणा, अशी मागणी झाली आणि सरकारनेही ती उचलून धरल्याच्या बातम्या आल्या. काहींना ते पटलं, काही म्हणाले, आमच्या आजोबांनी अभिमानाने मिरवलेला शब्द आहे हा. मला दोन्ही बाजू कळतात. कारण चाकरीत कमीपणा आहे की नाही, हे शब्दावरून ठरत नाही. ती चाकरी कशी होती त्यावर ठरतं.

मग 'कशी' हे मोजायचं कशाने? पगारावरून? म्हणजे पैसे घेतले तर नोकरी आणि नाही घेतले तर सेवा? बहुतेक लोक हाच नियम लावतात. पण हा नियम चुकीचा आहे आणि त्याने आपल्या समाजात फार नुकसान केलं आहे. ते कसं, ते सांगतो.

मराठीत या कुळातला आणखी एक शब्द आहे, वेठ. संस्कृत 'विष्टि' वरून आलेला. "वेठीस धरणं" आपण सहज बोलतो. वेठ म्हणजे मोबदल्याशिवाय, सक्तीने करून घेतलेलं काम. बिनपगारी असणं हाच सेवेचा निकष धरला, तर वेठ ही सगळ्यात मोठी सेवा ठरेल! आणि खरोखरच आपल्याकडे तसं सांगितलं गेलं.

गीतेच्या अठराव्या अध्यायातला चव्वेचाळिसावा श्लोक घ्या. तिथे परिचर्या हे शूद्राचं स्वभावाने ठरलेलं कर्म म्हटलं आहे. मी गीतेचा भक्त आहे, रोज वाचतो, म्हणूनच या श्लोकावरून डोळे मिटून पुढे जाणं मला पटत नाही. तिथे जन्म नाही, गुण आणि स्वभाव म्हटलं आहे, असा अर्थ अनेक आचार्यांनी आणि चिंतकांनी लावला आहे आणि मलाही तोच अर्थ योग्य वाटतो. पण समाजाने शेकडो वर्षं तो जन्मावरच लावला, हेही खरं. मनुस्मृतीने तर ब्राह्मणाला सांगितलं की सेवा ही श्ववृत्ती, ती टाळ. आणि शूद्राला सांगितलं की सेवा हाच तुझा एकमेव धर्म, तीही मनात कुरकुर न आणता. शब्द एकच. स्वतःसाठी तो कुत्र्याचं जिणं आणि दुसऱ्यासाठी धर्म!

हे काही फक्त पोथीत राहिलं नाही. आपल्या महाराष्ट्रात महार वतन होतं. गावची राखण, सरकारी निरोप पोचवणं, अधिकाऱ्याचं ओझं वाहणं, मेलेली जनावरं ओढणं, अशी कामं पिढ्यान्‌पिढ्या, कोणत्याही वेळी हाक आली की करायची. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं. कागदावर त्याला वतन म्हणायचे, म्हणजे मानाचा शब्द. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या मानाच्या शब्दाखालची वेठ ओळखली. १९२७ मध्ये २० मार्चला त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला, चवदार तळ्याचं पाणी प्यायलं आणि १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. ही कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडलं. रोह्याहून महाडला जाताना मला हे दरवेळी आठवतं. सेवेवर बोलणाऱ्या प्रत्येक भक्ताने एकदा तरी चवदार तळ्यावर जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

आता आजच्या काळात या. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, त्यातून गावोगावी अंगणवाड्या आल्या. त्या चालवणाऱ्या बाईला आपण म्हणतो अंगणवाडी सेविका. तिला मिळतं ते वेतन नाही, 'मानधन'. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली, म्हणजे पहिली तीन वर्षं शिक्षकाला शिक्षक न म्हणता सेवक म्हणायचं आणि पगार न म्हणता मानधन म्हणायचं. तुमच्या लक्षात येतंय का? जिथे जिथे 'सेवा' शब्द आला तिथे तिथे पगाराचा शब्द बदलला आणि आकडा खाली आला. अंगणवाडी सेविका पोषण आहार बघणार, वजनं घेणार, रजिस्टरं भरणार, वर कसले कसले सर्व्हे करणार. पण नाव सेविका. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका बेमुदत संपावर गेल्या. त्याआधी २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. न्यायालयाने शब्दाच्या पलीकडचं काम बघितलं. मानधन म्हटलं म्हणून मजुरी मजुरी असायची थांबत नाही.

म्हणून माझा पहिला निष्कर्ष: पैसा हा सेवेचा निकष नाही. पैसे न घेता केलेली वेठ असू शकते आणि पैसे घेऊन केलेली सेवा असू शकते.

मग निकष काय? मला तीन सापडले. तिन्ही शास्त्रातूनच.

पहिला निकष आजच्याच श्लोकात आहे. भगवंतांनी सेवेच्या अगदी शेजारी काय ठेवलंय बघा. प्रश्न! आणि साधा प्रश्न नाही, 'परि' उपसर्ग लावून, चारही बाजूंनी विचारलेला प्रश्न. म्हणजे जिथे सेवा आहे तिथे प्रश्न विचारायची मोकळीक हवीच. गुरूलासुद्धा प्रश्न विचारायचा असेल, तर मॅनेजरला का नाही? "सेवा करायची आणि तोंड बंद ठेवायचं" ही गीतेतली सेवा नव्हे. अर्जुनच बघा ना. संपूर्ण गीता उभी आहे ती त्याच्या प्रश्नांवर. आणि शेवटी भगवंत त्याला काय म्हणतात? सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला जे योग्य वाटेल ते कर. ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्याच 'हो'ला किंमत असते.

आमच्या रोह्याचं एक मोठं नाव सांगतो, चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा, पण घराणं रोह्याचं. १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. त्या आयसीएसमधला 'एस' म्हणजे पुन्हा आपला सर्व्हिसच! पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेले. संस्कृतचे एवढे मोठे जाणकार की कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं, आणि अमरकोशावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. या माणसाने जवळजवळ सगळं आयुष्य सर्व्हिस केली. पण १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सेवक होते, पण श्ववृत्ती नव्हती. 'नाही' म्हणायची ताकद शाबूत ठेवून केलेली ती सेवा होती.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. सर्व्हरवर झेपेल त्यापेक्षा जास्त लोड आला की चांगला लिहिलेला सर्व्हर एक उत्तर पाठवतो, कोड ५०३, सर्व्हिस अनअव्हेलेबल. सोबत सांगतो, अमुक वेळाने पुन्हा प्रयत्न करा. नवीन इंजिनिअरला हे अपयश वाटतं. खरं तर ही समजूतदार व्यवस्था असते. जो सर्व्हर कधीच नाही म्हणत नाही तो थोड्या वेळाने कोसळतो आणि कोसळताना त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांना घेऊन कोसळतो. सोळा तास जागलेली नर्स सतराव्या तासाला इंजेक्शनची मात्रा बघत असेल, तर धोका कुणाला? पेशंटलाच ना. तिथे "आता नाही" म्हणणं हीसुद्धा पेशंटची सेवाच आहे.

दुसरा निकष गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, यज्ञाचं चक्र. बारावा श्लोक सांगतो की देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो नुसता भोगतो तो चोर. शब्द अगदी स्पष्ट आहे, चोर! तिथला संदर्भ देव आणि यज्ञाचा आहे, हे मला माहीत आहे. पण ते चक्र आपण माणसामाणसांतही लावू शकतो, असं माझं वाचन आहे. आपण सेवेवर बोलतो तेव्हा नेहमी देणाऱ्याला उपदेश करतो. निष्काम हो, अपेक्षा ठेवू नको, फळ सोड. घेणाऱ्याला कोण सांगणार? हा श्लोक सांगतो. देणाऱ्याने फळ सोडलं म्हणून घेणाऱ्याला ते खिशात घालायचा हक्क मिळत नाही. फळाची आसक्ती सोडणं हा करणाऱ्याचा धर्म, आणि मोल चुकतं करणं हा घेणाऱ्याचा धर्म. दोन्ही एकाच वेळी खरे आहेत.

तिसरा निकष मला जनाबाईंच्या कथेत सापडला. कथा तुम्हाला माहीत आहे. जनी नामदेवांच्या घरी दासी. पहाटे उठून दळण, पाणी, झाडलोट. आणि विठ्ठल तिच्याकडे येतो. आता तो येऊन काय करतो ते बघा. तो असं म्हणत नाही की "जने, तुझं दळण ही किती थोर सेवा आहे, असंच दळत राहा." तो जात्यासमोर बसतो आणि खुंट्याला हात घालतो. दळणाचा अर्धा भार घेतो. देवाने सेवेचं कौतुक हाताने केलं, तोंडाने नाही.

मला वाटतं ही सगळ्यात पक्की परीक्षा आहे. तुमच्या कामाला कुणी सेवा म्हणत असेल, तर बघा की तो खुंट्याला हात लावतोय का. लावत असेल तर त्याच्या तोंडी तो शब्द शोभतो. नसेल लावत, तर ती वेठ आहे, फक्त तिला झेंडूचा हार घातलेला आहे.

पांडुरंगशास्त्री आठवले, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, त्यांचा जन्म रोह्याचा, १९ ऑक्टोबर १९२०. त्यांनी योगेश्वर कृषीचा प्रयोग केला. गावातले लोक वर्षातले काही दिवस एका सामायिक शेतावर राबतात आणि पीक कुणा एकाचं नसतं, ते देवाचं. पण मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या शेतावर काम करणाऱ्याला मजूर म्हणत नाहीत, पुजारी म्हणतात. नाव मोठं दिलं, हे खरं. पण त्याचं स्वतःचं शेत, स्वतःची कमाई जागच्या जागी असते. देवाच्या शेतावर तो आपल्या मर्जीने, काही दिवस येतो आणि गावातला सधन माणूसही त्याच्या शेजारी त्याच चिखलात उभा असतो. म्हणजे पोट सुरक्षित, येणं मर्जीचं आणि सगळ्यांचे हात खुंट्याला. म्हणून तिथे 'पुजारी' हा शब्द फसवणूक ठरत नाही. हेच नाव एखाद्या कारखान्याने पगार कापून दिलं असतं तर?

दसऱ्याच्या वेळी आमच्या धावीर महाराजांची पालखी निघते. धाटावच्या एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये काम करणारा माणूस रजा टाकून येतो आणि तासन्‌तास पालखीला खांदा देतो. त्याला कुणी पैसे देत नाही आणि मागायचं त्याच्या मनातही येत नाही. तोच खांदा दुसऱ्या दिवशी कारखान्यात ड्रम उचलतो आणि तिथे ओव्हरटाइमचा एक तास कमी लागला तर तो सुपरवायझरशी भांडतो. काही लोक म्हणतील, बघा, देवापुढे एक आणि कंपनीत एक. मला त्यात काहीही विसंगती दिसत नाही. पालखी त्याची आहे. देव त्याचा आहे. कारखाना त्याचा नाही, तिथे करार आहे. जिथे करार आहे तिथे हिशोब स्वच्छ हवा, म्हणजे मग जिथे प्रेम आहे तिथे हिशोब लागत नाही.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी, नाहीतर हे चिंतन अर्धं राहील. आपल्यासारखे आयटीवाले, बँकवाले, चांगल्या पगारावर बसलेले लोक कुठे चुकू शकतात? आपल्याला कुणी वेठीला धरत नाही. आपला धोका उलटा आहे. आपण 'नोकरी' या शब्दाच्या आड लपतो. "मला एवढेच पैसे मिळतात, मी एवढंच करणार." "हे माझ्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नाही." समोरचा माणूस, ज्याचं पेन्शन आपल्या सिस्टीममध्ये अडकलंय, तो आपल्याला तिकीट नंबर म्हणून दिसतो. शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा, तिथे संपलेली असते. अठराव्या अध्यायातच दोन श्लोक पुढे भगवंत सांगतात की आपापल्या कर्मानेच त्याची पूजा करून माणूस सिद्धीला पोचतो, आणि ज्ञानेश्वर माउलींनी त्यावर किती गोड सांगितलं आहे, की ही स्वकर्माची फुलं त्या सर्वात्मक देवाला वाहायची. तिथे "पगार घेऊ नका" अशी अट नाही. फूल विकत आणलेलं असलं तरी पूजा होते. फूल सुकलेलं, किडकं नसावं एवढंच.

माउलींच्याच तेराव्या अध्यायात गुरुसेवेचा मोठा भाग आहे. गुरूच्या पादुका मी व्हावं, छत्र मी धरावं, चवरी मी ढाळावी, अशी एकेक कल्पना ते करत जातात. समाजाने ज्या कामांना हलकं म्हटलं, तीच कामं हा ज्ञानियांचा राजा स्वतःसाठी मागून घेतो. लक्षात घ्या, स्वतःसाठी मागतो. दुसऱ्याच्या माथी मारत नाही. मनुस्मृतीच्या त्या वाटणीचं हे बरोब्बर उलटं आहे.

इथे मला माझं उत्तर मिळालं. सेवा हा प्रथमपुरुषी शब्द आहे. "मी सेवा करतो" हे वाक्य बरोबर आहे. "तू सेवा कर" हे वाक्य, विशेषतः ज्याला त्या सेवेचा फायदा होणार आहे त्याने म्हटलेलं, संशयास्पद आहे. स्वतःच्या कामाला सेवा म्हणावं आणि दुसऱ्याच्या कामाला मोल द्यावं. आपण नेमकं उलटं करतो. स्वतःसाठी पॅकेज मोजतो आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना म्हणतो, "तुम्ही काय, घरच्याच!" घरच्या असतील तर त्यांना आजारपणाची रजा आणि दिवाळीचा बोनस आपण होऊन द्यायला हवा, नाही का? जुना 'मोलकरीण' शब्द आपल्याला आता खटकतो, पण त्यात निदान 'मोल' तरी होतं.

त्या ताईंना मी हेच लिहिलं. ताई, पेशंटच्या उशाशी तुम्ही जे करता ती परिचर्या आहे, उपासना आहे, आणि ती तुमची आणि भगवंताची आपसातली गोष्ट आहे. तिथे काही राखून ठेवू नका. तिला सेवा म्हणायचा अधिकार तुमचा आहे, तुमच्या मॅनेजरचा नाही. ड्युटीचे तास, ओव्हरटाइम, सुट्टी ही कराराची गोष्ट आहे, ती त्यांच्या टेबलावर ताठ मानेने, नम्रपणे आणि लेखी मागा. शक्यतो एकट्याने नाही, बाकीच्या सिस्टर्सना बरोबर घेऊन. मागितल्याने तुमची सेवा कमी होत नाही. उलट उद्या तुमच्या जागी येणाऱ्या नवीन मुलीचीही सोय होते, म्हणजे तीही सेवाच झाली. आणि पुन्हा कुणी "सेवेचे पैसे मागता?" म्हणालं, तर हसून विचारा, "सर, मग आज रात्री वॉर्डमध्ये तुम्हीही येता का सेवेला?"

ताईंचं उत्तर आलं, एकच ओळ. "हे विचारायला धाडस लागेल, दादा." खरं आहे. माझं लिहून झालं, विचारायचं त्यांना आहे, आणि नोकरीही त्यांचीच पणाला लागणार आहे. म्हणून आपण सगळ्यांनी त्यांच्यासाठी आज प्रार्थना करू या. नुसती प्रार्थनाही नको. आपल्यापैकी कुणी हॉस्पिटलमध्ये, शाळेत, ऑफिसात लोकांचे तास ठरवणाऱ्या खुर्चीवर असेल, तर त्याच्यासाठी हे चिंतन जास्त आहे.

आजचा अभ्यास दोन ओळींचा. संध्याकाळी देवापुढे बसाल तेव्हा आजच्या दिवसातलं स्वतःचं एक काम आठवा, जे पगारासाठी केलं पण ज्यात समोरच्याचं मनापासून ऐकलं. ते फूल म्हणून वाहा. आणि मग एक असा माणूस आठवा ज्याच्या कामावर तुमचा आजचा दिवस चालला, आणि ज्याचं मोल द्यायचं राहिलंय. ते उद्या सकाळी, दहाच्या आत, देऊन टाका.

राम कृष्ण हरी.